मूल रुळलं, म्हणजे काय झालं?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

१९८४ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टर होते. साताऱ्याकडचा अडीच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे दाखल झाला. पायावर उकळती आमटी सांडून भाजलं होतं. भाजलेल्या मुलांच्या खोलीत जंतुसंसर्गाच्या भीतीनं नातेवाइकांना मज्जाव होता. संध्याकाळी अर्धा तास दारातून बघायचं, एवढीच मुभा. या मुलाच्या आईची कूस नुकतीच उजवली होती, घरी महिन्याभराचं तान्हं. बाप पोराला आमच्या स्वाधीन करून शेवटच्या एस.टी.नं गावी गेला.

तीन दिवस त्या पोरानं वॉर्ड डोक्यावर घेतला. रडायचा, खाटेचे गज हलवायचा, दार वाजलं की मान वळवायचा. मी नवखी, मला ते बघवत नसे. आमच्या सिस्टर अनुभवी होत्या, मनानंही चांगल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. चार दिवसांत रुळेल."

आणि खरंच, पाचव्या-सहाव्या दिवशी तो रुळला. रडणं थांबलं. भरवलं तर खायचा, ड्रेसिंगला हात लावू द्यायचा. मावशींनी दिलेलं रबरी बदक हातात धरून तासन्‌तास बसायचा. मी केसपेपरवर लिहिलं, ‘मूल शांत, सहकार्य उत्तम.’ नवव्या दिवशी त्याची आई आली, तान्ह्याला पदराखाली घेऊन, उन्हातून. सिस्टरांनी नियम थोडा बाजूला ठेवून तिला खाटेपर्यंत जाऊ दिलं. मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. ती हाका मारत राहिली आणि तो बदकाची मान पिळत राहिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ह्यो मला वळखंना झालाय."

आम्ही हसलो. "रुसलाय हो, दुसरं काही नाही," असं मीच तिला म्हणाले. त्या हसण्याची लाज वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आज जी हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे ती वाचनात आल्यावर ती वाटली. ‘रुळलं’ हा एवढासा शब्द. त्यामागे काय दडलेलं असतं, हे डॉक्टरांच्या लक्षात कसं आलं, याचा हा इतिहास आहे, आणि तो प्रामुख्यानं घडला इंग्लंडमध्ये.

१९४९ साली लंडनच्या रुग्णालयांतल्या मुलांना भेटण्याच्या वेळांची एक यादी तिथल्या एका साप्ताहिकात छापून आली. गाइज रुग्णालयात फक्त रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट बार्थोलोम्यूजमध्ये बुधवारी दीड तास. चेअरिंग क्रॉसला रविवारी एक तास. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच, मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात आईबापांनी आपलं झोपलेलं मूल पाहिलं तर चालेल. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलांना भेट नाही, आडभिंतीच्या काचेतून पाहता येईल. आणि वेस्ट लंडन हॉस्पिटलचा नियम सर्वांत सुटसुटीत होता: भेट नाही.

हे लोक दुष्ट नव्हते, बरं का. घटसर्प, गोवर, लाल ताप यांच्या साथी वॉर्डच्या वॉर्ड साफ करून जात. प्रतिजैविकं यायची होती. बाहेरून येणारा माणूस म्हणजे जंतू घेऊन येणारा माणूस, हे समीकरण अनुभवातून आलेलं होतं. त्यात दुसरं एक निरीक्षण मिसळलं: आईबाप भेटून गेले की मुलं भोकाड पसरतात, ताप चढतो, जेवण टाकतात. भेट नसली की वॉर्ड कसा शांत! तेव्हा भेटीनंच मूल बिघडतं, हा निष्कर्ष तयार झाला. पुढे प्रतिजैविकं आली, साथी ओसरल्या, पण नियम मात्र भिंतीवर तसेच राहिले. नियमांचं हे असंच असतं.

याविरुद्ध बोलणारे अगदीच नव्हते असं नाही. जॉर्ज आर्मस्ट्राँग या डॉक्टरनं १७६९ मध्ये लंडनला गरिबांच्या मुलांसाठी बाह्यरुग्ण दवाखाना काढला. आजारी मुलाला आईपासून किंवा दाईपासून तोडलंत तर त्याचं काळीजच तुटेल, असं त्याचं मत होतं आणि म्हणून तो मुलांना दाखल करून घ्यायला तयार नव्हता. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी तर १९२७ पासून आयांना मुलांबरोबर रुग्णालयातच राहायला जागा दिली. पण ही बेटं होती. मुख्य प्रवाह वेगळ्याच दिशेनं चालला होता. अमेरिकेतले प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात आईबापांना बजावलं होतं की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका; फार तर सकाळी हस्तांदोलन करा. आपल्याकडची एखादी आजी हे ऐकून काय म्हणाली असती, याची कल्पना करा.

अनाथालयांतल्या तान्ह्यांचे आकडे त्याहून भयंकर होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री चॅपिन यांनी १९१५ मध्ये दहा बालगृहांची माहिती मांडली. त्यांपैकी एक वगळता बाकी सर्व ठिकाणी दोन वर्षांखालचं प्रत्येक मूल दगावलं होतं. मग स्वच्छता वाढली, मृत्यू घटले, तरी प्रश्न उरलाच. रेने श्पिट्झ या मनोविश्लेषकानं १९४५-४६ मध्ये दोन संस्थांची तुलना केली. एक होतं स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया स्वतः आपली बाळं सांभाळत. दुसरं अनाथ बालकांचं गृह, टापटिपीचं, पण एकेका परिचारिकेकडे आठ-आठ बाळं. संसर्ग टळावा म्हणून पाळण्यांच्या कडांना चादरी लावलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं ते छत. दोन वर्षांत त्या नीटनेटक्या गृहातली एक तृतीयांशाहून अधिक बाळं गेली. तुरुंगातलं एकही गेलं नाही. श्पिट्झ यांच्या अभ्यासपद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती योग्यही होती. पण त्यांनी काढलेल्या चित्रफितीतले ते चेहरे खोटे म्हणता येत नाहीत.

तरीही डॉक्टर म्हणत, ती अनाथ मुलं. आमच्या वॉर्डातली मुलं आठ-पंधरा दिवसांनी घरी जातात. त्यांना काय होणार?

मधे युद्ध आलं. १९३९ च्या सप्टेंबरातल्या पहिल्या तीन-चार दिवसांत इंग्लंडनं सुमारे पंधरा लाख माणसं शहरांतून खेड्यापाड्यांत हलवली. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं, आईबापांविना. छातीवर नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कची पेटी. त्याच डिसेंबरात बोल्बी, विनिकॉट आणि मिलर या तीन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून इशारा दिला की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून असं तोडणं धोक्याचं आहे. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगम यांनी युद्धग्रस्त मुलांसाठी बालगृहं चालवली. तिथे दिसलेली गोष्ट कुणाच्याही अपेक्षेतली नव्हती. आईच्या कुशीत बॉम्बवर्षाव सोसलेली मुलं पुष्कळदा ठीक होती. सुरक्षित जागी, पण आईविना ठेवलेली मुलं बिथरत होती. बोलायला शिकलेली मुलं पुन्हा मुकी होत, अंथरूण ओलं करू लागत. मग बाईंनी त्या मुलांची चार-पाच जणांची छोटी ‘कुटुंबं’ पाडली आणि प्रत्येकाला एक ठरावीक ताई दिली. मुलं पुन्हा बोलू लागली, आणि आपल्या ताईसाठी भांडूही लागली!

याच बालगृहात एक हरकाम्या होता. बॉयलर पेटता ठेवायचा, मोडलेलं दुरुस्त करायचं, रात्री आगीवर पहारा द्यायचा. नाव जेम्स रॉबर्टसन. ग्लासगोजवळच्या कामगार घरातला. युद्धात शस्त्र धरायला त्यानं सद्‌सद्विवेकाच्या कारणानं नकार दिला होता. त्याची बायको जॉइस त्याच बालगृहात मुलांकडे बघे. ॲना फ्रॉइडबाईंचा एक दंडक होता: इथे काम करणारा प्रत्येक माणूस, मग तो बॉयलरवाला का असेना, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवील. मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. रॉबर्टसन लिहीत गेला. मला वाटतं, पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या कार्डांत आहे.

१९४८ मध्ये जॉन बोल्बी यांनी त्याला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घेतलं. बोल्बी हे अगदी वेगळ्या थरातले. वडील राजघराण्याचे शल्यविशारद. आई दिवसातून तासभर, चहानंतर भेटायची. ज्या दाईनं त्यांना वाढवलं ती ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली, आणि ते दुःख ते म्हातारपणीही विसरले नव्हते. त्यांनी १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १७ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झालेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर ४४ मुलांत अशी फक्त दोन होती. मुलांची तपासणीही त्यांनीच केली आणि निदानही त्यांनीच, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा. पण या कामामुळे ताटातुटीचा प्रश्न त्यांच्या मनात पक्का बसला.

रॉबर्टसनला त्यांनी सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात पाठवलं. बघ आणि लिही. डॉक्टर फेरी मारून जात, सिस्टर पाळीनं बदलत. हा माणूस मात्र तासन्‌तास एकाच मुलापाशी बसून राही. असं दिवसभर बसून पाहणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्याला तीन टप्पे दिसले. पहिला आकांताचा: मूल रडतं, शोधतं, आता आई येईल अशी त्याची खात्री असते. दुसरा हताशेचा: मूल गप्प होतं, मागणं सोडतं. याच टप्प्याला वॉर्डाच्या भाषेत ‘रुळलं’ म्हणत. आणि मुक्काम लांबला तर तिसरा, अलिप्ततेचा: मूल हसतं, खेळतं, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाकडेही जातं आणि आई आली तर परक्यासारखं बघतं. वॉर्डाला हा टप्पा सर्वांत सोयीचा वाटे. भेटीच्या दिवशी होणारी रडारड म्हणजे बिघाड नव्हे, आतलं जिवंत असल्याची ती खूण आहे, हे रॉबर्टसनचं म्हणणं होतं.

त्याचं ऐकलं कुणी? कुणीच नाही. पदवी नाही, डॉक्टरकी नाही, वर कामगारी हेल. डॉक्टर म्हणत, आमच्या वॉर्डात असं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की सांगायचं नाही, दाखवायचं. जन्मात कधी कॅमेरा हातात न धरलेल्या या माणसानं हातात धरून चालवायचा एक कॅमेरा मिळवला.

१९५१ सालची ही गोष्ट. आपण दुःखी मूल शोधून काढलं असा आरोप होणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून प्रतीक्षायादीतून चिठ्ठी टाकल्यासारखं एक नाव निवडलं गेलं. लॉरा, वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, आठ दिवसांचा मुक्काम. निवडक दृश्यं टिपल्याचाही आरोप होईल, म्हणून दररोज ठरलेल्या वेळीच चित्रण करायचं आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत येऊ द्यायचं.

आणि मग पंचाईत झाली. लॉरा रडेचना! वयाच्या मानानं विलक्षण आवर घालणारी पोर निघाली ती. रॉबर्टसनला वाटलं, सगळी मेहनत फुकट. पण फिल्म धुऊन आली तेव्हा तिच्यात जे दिसलं ते रडण्यापेक्षा वेगळं होतं. ही मुलगी बोलता बोलता मधेच, अगदी सहज विचारल्यासारखं, आई कुठे आहे म्हणून विचारते. तोंड क्षणभर वाकडं होतं, पुन्हा सरळ होतं. घरून आणलेलं अस्वल आणि पांघरूण घट्ट धरून ठेवते. शेजारचं पोर रडू लागलं की ही त्याच्याकडे एकटक बघते, जणू आपलं रडणं त्याच्याकडे सोपवलंय. आई भेटायला येते तेव्हा ही आधी तोंड फिरवते, मग थोडी सैल होते, आणि आई निघाली की पुन्हा मान वळवून बसते. रोज आई थोडी अधिक परकी होते. आठव्या दिवशी घरी जायला निघते तेव्हा आईबरोबर चालत जाते, पण आईनं पुढे केलेला हात धरत नाही.

पाऊण तासाची ही फिल्म. कुणी मरत नाही, कुणी मारत नाही. वॉर्ड स्वच्छ, सिस्टर प्रेमळ.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर आणि परिचारिका यांच्या भरलेल्या सभागृहात ती दाखवली. दिवे लागले आणि गदारोळ उठला. ही मुलगी अपवादात्मक आहे, हा बालवैद्यकावर कलंक आहे, फिल्म मागे घ्या. पडद्यावर जे दिसलं ते अर्ध्या सभागृहाला दिसलंच नव्हतं. मी त्यांना हसत नाही. साताऱ्याकडच्या त्या मुलाच्या केसपेपरवर ‘सहकार्य उत्तम’ लिहिणारी मी, आणि तेही या सभेनंतर बत्तीस वर्षांनी!

पण फिल्मचं एक बरं असतं, ती डोळ्यांसमोरून जात नाही. डर्मोड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ त्या फिल्मवर चिडले होते. परत जाऊन आपल्या वॉर्डात उभे राहिले, आणि इतकी वर्षं कानांवर पडणारं मुलांचं रडणं त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. त्यांनी ॲमरशॅमच्या आपल्या रुग्णालयात आयांना मुलांबरोबर राहू दिलं. १९५८ मध्ये रॉबर्टसननं तिथेच दुसरी फिल्म काढली: आई सोबत असताना मूल रुग्णालयात कसं राहतं. मूल रडतं, सुई टोचली की किंचाळतं, आईला मारतंसुद्धा. आणि घरी जाताना तिच्या कडेवर बसून जातं.

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीचा अहवाल आला. आईबापांना कधीही येऊ द्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांना राहू द्या. सरकारनं शिफारशी स्वीकारल्या, आणि रुग्णालयांनी त्या फायलीत नीट लावून ठेवल्या. हे वाचताना मला परक्या देशात असल्यासारखं अजिबात वाटलं नाही. १९६१ मध्ये रॉबर्टसननं बीबीसी दूरचित्रवाणीवरून फिल्मचे भाग दाखवले आणि पालकांना पत्रं लिहायला सांगितलं. शेकडो पत्रं आली. लंडनच्या बॅटर्सी भागातल्या काही तरुण आयांनी एकत्र येऊन संघटना काढली. रुग्णालयांना फोन करून विचारायचं, तुमच्याकडे भेटीची वेळ कोणती, आणि उत्तरं जाहीर करायची. नियम खऱ्या अर्थानं हलले ते या बायकांच्या चिकाटीनं, आणि तेही पुढची दहा-पंधरा वर्षं जाऊन.

इथे थोडं थांबून उलट बाजूही सांगायला हवी. बोल्बींनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्याचा जगभर बोलबाला झाला आणि त्याचा वापर नोकरी करणाऱ्या बायकांना घरी बसवण्यासाठीही झाला. आई कामावर गेली की पोर गुन्हेगार होणार, असं लोक त्यांच्या नावावर खपवू लागले. वस्तुतः क्षयरोगाच्या आरोग्यधामात राहून आलेल्या ६० मुलांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध करताना बोल्बींनी स्वतःच कबूल केलं की आपण परिणामांचं चित्र जरा जास्तच गडद रंगवलं होतं. पुष्कळ मुलं बरी सावरली होती. मायकल रटर यांनी १९७२ मध्ये हा सगळा विषय पुन्हा तपासला आणि सांगितलं की ताटातूट, आपुलकीचा अभाव, घरातली भांडणं या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या एका गाठोड्यात बांधू नका. १९४६ मध्ये जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या पाहणीतून डग्लस यांनी १९७५ मध्ये दाखवलं की पाच वर्षांच्या आत लांबलेला किंवा वारंवार रुग्णालयवास घडलेली मुलं पुढे वाचनात मागे आणि वर्तनात त्रासदायक असण्याचं प्रमाण जास्त होतं. एकदाच, थोड्या दिवसांच्या मुक्कामाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. शिवाय वारंवार आजारी पडणारी मुलं बहुधा गरिबाघरची असतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

खुद्द रॉबर्टसन दांपत्यानं मात्र याचं उत्तर आपल्याच घरात शोधलं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी, आई बाळंतपणाला गेलेली चार लहान मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. आधी ओळख करून घेतली, मुलाच्या सवयी, खाणं, अंगाई सगळं समजून घेतलं, आईचा फोटो जवळ ठेवला, आईबद्दल बोलू दिलं. मुलं हिरमुसली, पण मोडली नाहीत. त्याच सुमाराला सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलत. जॉन प्रत्येकीकडे जाऊन बघायचा, प्रत्येकीची पाळी संपायची. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो तिच्यापासून सुटायला धडपडत किंचाळत होता. तेव्हा आईच हवी असा हट्ट नाही. आजी चालेल, आत्या चालेल, बाप तर चालेलच. पण उद्याही तेच माणूस दिसलं पाहिजे. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे कळायला फिल्म लागत नाही.

या सगळ्याचा भीषण पडताळा पुढे रुमानियात आला, तोही कुणी मागितलेला नसताना. तिथल्या चाउशेस्कू राजवटीनं लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. न पोसवणारी मुलं सरकारी बालगृहांत साचत गेली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा अशा मुलांची संख्या लाखाच्या वर होती. आत गेलेल्यांना सर्वांत जास्त हादरवलं ते तिथल्या शांततेनं. ओळीनं पाळणे, त्यांत बाळं, आणि रडणं नाही. रडून कुणी येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या १६५ रुमानियन मुलांवर रटर यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सहा महिन्यांच्या आत बालगृहातून सुटलेली मुलं जवळपास इतर मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही माणसांशी जमवून घेणं, लक्ष एकाग्र करणं अवघड गेलं. मात्र त्यांतलंही पाचातलं एक मूल सर्व बाबतींत ठीक निघालं, आणि ते कशामुळे हे कोडं मला व्यक्तिशः फार महत्त्वाचं वाटतं. २००० साली नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवली. २००७ मध्ये निष्कर्ष आले: कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी अधिक वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. उरलेल्या निम्म्यांना बालगृहातच ठेवणं नैतिक होतं का, यावर पुष्कळ वाद झाला. तो मिटलेला नाही. रुमानियानं मात्र २००४ च्या कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलांना बालगृहात ठेवण्यावर बंदी घातली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आई मुलाच्या खाटेखाली पथारी पसरते. तिथेच तिचा डबा, तिथेच तिचं लुगडं वाळत. आम्ही तरुण डॉक्टर नाक मुरडायचो. प्लॅट समितीनं जे एवढा खल करून सुचवलं ते आपल्याकडे सिस्टर कमी म्हणून आपोआप घडत होतं. गंमत अशी की रुग्णालयं जसजशी आधुनिक झाली तसतशी आपण ती पथारी गुंडाळत गेलो. अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर बसलेल्या आया तुम्हीही पाहिल्या असतील. दिवसातून दहा मिनिटं, पायांत कापडी मोजे चढवून.

या दाराला पहिला धक्का कोलंबियातून बसला. १९७८ मध्ये बोगोटाच्या एका रुग्णालयात काचपेट्या पुरेनात, एकेका पेटीत दोन-तीन बाळं. तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधली. कांगारूसारखी. नाइलाजानं केलेला उपाय, पण बाळं तगली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांत झाला होता. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. तोवर रीत अशी की बाळ स्थिर झालं की मगच आईकडे द्यायचं. इथे ३२०० हून अधिक कमी वजनाच्या बाळांपैकी निम्म्यांच्या आया जन्मापासून विभागातच, बाळाच्या खाटेशेजारी राहिल्या. त्या गटात पहिल्या महिन्यातले मृत्यू चतुर्थांशानं कमी झाले. संसर्गही वाढला नाही, उलट घटला. ज्या भीतीपायी मीही एका आईला दारात उभं केलं होतं, ती ही भीती.

साताऱ्याकडच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. पाय बरा झाला, तो घरी गेला, आमच्या दप्तरी तो ‘बरा’ म्हणून नोंदला गेला. लॉराची मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. ती घरी गेल्यानंतर काही महिन्यांनी रॉबर्टसन ती फिल्म तिच्या आईवडिलांना दाखवत होते. मुलगी आत झोपली होती. फिल्म संपत आली असताना ती उठून खोलीत आली आणि पडद्यावर तिनं स्वतःला पाहिलं. रुग्णालयात आठ दिवस जिनं धड रडून दाखवलं नव्हतं, ती लालबुंद झाली, आईकडे वळली आणि तिनं रागानं विचारलं, तेव्हा तू कुठे होतीस, इतका वेळ तू कुठे होतीस. मग ती रडू लागली, आणि जवळ घ्यायला म्हणून गेली ती वडिलांकडे.